कोऱ्या पानावरचे अभिप्राय

हा किस्सा मी १९८६च्या डिसेंबरात कुवेतमधल्या अबू हलीफाला, खुद्द नीलावहिनींकडून ऐकला. एका लोकप्रिय आयरिश लेखिकेची नवी कौटुंबिक कादंबरी पाच मैत्रिणींत फिरत होती. शेवटच्या कोऱ्या पानावर प्रत्येकीने निनावी अभिप्राय लिहायचा, असा नियम होता.

कादंबरीतली आई मुलाच्या घरी येऊन राहते. दोघींना ती फार भावली, एकीला कंटाळवाणी वाटली. वहिनींनी लिहिले, "ही बाई परत कधी जाणार?"

वहिनींकडे तेव्हा नाशिकहून सासूबाई आल्या होत्या, निवृत्त शिक्षिका. त्यांनी ते पान वाचले.

"नीला, हे तुझं अक्षर."

"आई, ते कादंबरीतल्या बाईबद्दल आहे हो!"

"मीही तिच्याबद्दलच लिहिते," म्हणत त्यांनी खाली लिहिले, "येत्या गुरुवारी."

त्या गुरुवारी गेल्या का, एवढेच मला कधी पडताळता आले नाही. विचारताच वहिनी चहा गाळायला उठल्या.