खेळाच्या खोलीचे कुलूप

जबाब
दिनांक २८/११/२०२५

नाव रत्नमाला बुद्धभूषण साळवे, वय ४६ वर्षे, शिक्षण सातवी पास, व्यवसाय मुलींच्या शाळेत सेविका (कंत्राटी), राहणार हर्सूल, छत्रपती संभाजीनगर.

मी आज सकाळी अकरा वाजता कोणी न बोलावता स्वतःहून ठाण्यात आले असून, महिला हवालदार मॅडम यांच्या समक्ष सांगते ते येणेप्रमाणे.

माझे पती हयात नाहीत. मुलगी रूपाली नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. मी शाळेत अकरा वर्षांपासून काम करते. वर्ग झाडणे, घंटा देणे, पाणी भरणे आणि खेळाच्या सामानाची खोली उघडणे व बंद करणे ही माझी कामे आहेत. खोली मागच्या जिन्याखाली आहे. तिला एक जाळीची खिडकी असून ती कंपाउंडच्या भिंतीकडे उघडते. खोलीची किल्ली माझ्याकडेच असते.

अमृता विश्वजीत तुपे, वय १४, ही नववी ब मध्ये होती. ती फुलंब्रीजवळच्या खेड्यातून एसटीने येत असे. सहामाही परीक्षेच्या आधी एके दिवशी बाकावरून उठताना तिच्या ड्रेसला डाग पडलेला होता. तिला ते माहीत नव्हते. एका मुलीने मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढला. शाळेत मोबाईल आणायला बंदी आहे. त्या दिवसापासून मुली तिला ‘डाग’ म्हणू लागल्या. तिच्या बाकावर कोणी बसत नसे. ही गोष्ट वर्गशिक्षिका करुणा बाईंना माहीत होती आणि मला माहीत होती. तिची आई एकदा मुख्याध्यापिका बाईंना भेटून गेली. मी तेव्हा चहा घेऊन ऑफिसात गेले होते. “मुलींचं आपसातलं आहे, होईल नीट,” असे तिला सांगण्यात आले. आईने चहा घेतला नाही.

त्याच सुमारास मधल्या सुट्टीत मी अमृताला पाण्याच्या टाकीमागे उभ्याने डबा खाताना पाहिले.

मी म्हणाले, “इथं कशाला खातीस गं? कोरडं आन्न, पानी तरी पी.”

ती म्हणाली, “पाणी नको मावशी. मग बाथरूमला जावं लागतं. तिथं मुली दाराबाहेर उभ्या राहतात.”

मी तिला खेळाच्या खोलीत बसवले. त्यानंतर ती रोज येऊ लागली. आत मॅटची चळत आहे, त्यावर बसून डबा खात असे. माझ्या बाटलीतले पाणी पीत असे. रूपालीबद्दल विचारायची. नर्सिंगला किती टक्के लागतात, रक्त बघून भीती वाटत नाही का, असे विचारायची. दिवाळीनंतर ती सुट्टी संपल्यावरही बसून राहू लागली. कधी एक तास, कधी दोन. मी तिला वर्गात जा म्हणाले नाही. ती तिथे बसलेली मला बरी वाटत असे.

दिनांक २१/११/२०२५ रोजी, शुक्रवारी, करुणा बाईंनी मला विचारले, “अमृता तासाला नसते. कुठं जाते, तुम्हाला ठाऊक आहे का?” मी माहीत नाही म्हणाले. दुपारी मुख्याध्यापिका बाईंनी मला बोलावून सांगितले की, सामानाच्या खोलीत मुली बसतात असे कानावर आले आहे, तसे आढळले तर तुमचे कंत्राट पुढे चालू ठेवता येणार नाही. शाळा सुटताना मी अमृताला बाजूला घेतले.

मी म्हणाले, “उद्यापासून खोलीत येऊ नको बाई. माझी नोकरी जाईल.”

ती म्हणाली, “बरं मावशी.” एवढेच बोलली आणि बसस्टँडकडे गेली.

दिनांक २२/११/२०२५ रोजी शनिवार होता. शनिवारी सकाळची शाळा असते, दप्तर नसते, मुलींचे खेळ आणि गाणी घेतात. खोली उघडी होती. अमृता प्रार्थनेला हजर होती, हजेरीत तशी नोंद आहे. साडेअकराला शाळा सुटली. मुलींनी रिंगा आणि दोऱ्या दारात आणून टाकल्या. मी दिवा न लावता त्या दारातूनच आत ढकलल्या. तेव्हा मॅटच्या मागे मला एक बूट दिसला. शाळेचा काळा बूट होता. त्या खोलीत बूट पडलेले असतात. मी कुलूप लावले आणि घरी गेले.

संध्याकाळी पाचच्या सुमारास मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला. अमृता घरी पोहोचली नाही, तुम्हाला दिसली होती का, असे त्यांनी विचारले. “नाय दिसली बाई,” असे मी सांगितले. मी त्याच वेळी किल्ली घेऊन जायला पाहिजे होते. गेले नाही. गेले असते तर तिला खोलीत बसू दिल्याचे बाहेर आले असते. दिवेलागणीला हर्सूल तलावाच्या कडेने काही लोक बॅटऱ्या घेऊन फिरत होते. माझ्या दारातून तलावाचा काठ दिसतो. त्यात एक माणूस अमृताच्या नावाने हाका मारत होता. ते तिचे वडील होते, हे मला नंतर कळले. रूपालीने विचारले, “आई, कोण हरवलंय?” मी तिला दार लावून घ्यायला सांगितले.

रविवारी सकाळी पावणेसात वाजता मी शाळेत गेले. वॉचमन कृष्णा पुढच्या गेटवर असतो, मागचा आवाज तिथपर्यंत जात नाही. मी कुलूप उघडले. अमृता मॅटवर पाय पोटाशी घेऊन बसली होती. ओठ फुटले होते. ड्रेस ओला होऊन वाळला होता. मला पाहून ती तो झाकायला लागली.

मी तिला पाणी दिले आणि म्हणाले, “हाक का नाय मारली गं? मी कुलूप लावलं तव्हा झोपली होतीस का?”

ती म्हणाली, “जागीच होते.”

“मंग?”

“तुमची नोकरी गेली असती ना.”

मग बाटली रिकामी करून ती म्हणाली, “नंतर मारली हाक. लई मारली. कुणी नव्हतं.”

मी माझी ओढणी तिच्या कमरेला बांधली आणि कृष्णाला रिक्षा आणायला सांगून तिला दवाखान्यात नेले. तिचे वडील दवाखान्यात आले. त्यांनी माझे हात धरले. “ताई, तुमच्यामुळं सापडली,” असे म्हणाले.

सोमवारी शाळेने माझ्याकडून एका टाइप केलेल्या कागदावर सही घेतली. विद्यार्थिनी खोलीत बसत असल्याची मला काहीही माहिती नव्हती, असे त्यात लिहिलेले आहे. ते खरे नाही. सही माझी आहे.

काल गुरुवारी अमृताचे वडील तिचा दाखला काढायला आले होते. अमृता सोबत होती. ती ऑफिसबाहेरच्या बाकावर बसली होती. तेवढ्यात मधली सुट्टी झाली, घंटा मीच दिली. नववी ब च्या मुली तिच्यासमोरून गेल्या. कोणी काही म्हणाले नाही. एक मुलगी थांबली होती, पण मैत्रिणींनी तिला ओढून नेले. मी जवळ गेले तर अमृताने माझ्याकडे पाहिले नाही. वडील म्हणाले, “बोलत नाय ती आता कुणाशीच. पुढल्या वर्षी बघू कुठं घालायचं.” त्यांनी मला पुन्हा नमस्कार केला. ते गेटबाहेर जाईपर्यंत मी तिथेच उभी होते. त्यांना सांगायचे ते मला तेव्हा सांगता आले नाही, म्हणून मी आज येथे आले आहे. हा जबाब दिल्यावर माझे काम जाईल याची मला कल्पना आहे. हा जबाब अमृताच्या वडिलांना दाखवावा, अशी माझी विनंती आहे.

हवालदार मॅडमनी वरील सर्व मजकूर मला सावकाश वाचून दाखवला. कुलूप ‘चुकून’ लावले असे त्यात लिहिले गेले होते. तो शब्द माझ्या सांगण्यावरून खोडला आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच असून बरोबर आहे.

सही
रत्नमाला बुद्धभूषण साळवे