एकोणीस नंबर

दवाखान्यात अठरा नंबरची चिठ्ठी घेऊन बसलेल्या बाईंचं लक्ष दुखऱ्या गुडघ्यावरून उडून शेजारच्या शिंप्याच्या आणि त्याच्या बायकोच्या बोलण्यात अडकलं होतं.

"अहो, मोठ्या हॉस्पिटलात जाऊ या."

"हात जरा बधिर झालाय. तिथे अपघाताची माणसं येतात."

"सकाळी हातातून कात्री पडली तुमच्या."

"पडते कधीकधी."

"तीस वर्षांत नाही पडली. वर गिऱ्हाइकाचा कोट वाकडा कापलात."

"झोप नव्हती झाली."

"शर्टाची बटणं मी लावून दिली. शिंप्याची बटणं."

"हळू बोल, लोक ऐकतायत."

"ऐकू देत. पाणी प्यायलात ते अर्धं अंगावर सांडलं. जीभही जड झालीय. निदान आधी आत तरी सोडा म्हणू."

"आपला एकोणीस आहे. माणसं कधीची ताटकळलीत. मधे घुसणं बरं दिसतं का?"

"अठरा," आतून हाक आली.

बाई लंगडत दारापर्यंत गेल्या, पण आत शिरल्या नाहीत.

"डॉक्टर, तुम्हीच बाहेर या. आणि आधी ॲम्ब्युलन्स बोलवा."

"अहो बाई, नंबर तुमचा आहे," शिंपी मागून म्हणाला. 'नंबर' म्हणायला त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला.