टी-एच नसलेली ज्योत्स्ना

निपाणीहून सुटलेली बस संकेश्वर मागं टाकून बेळगावच्या वाटेला लागली, तरी ज्योत्स्ना मोबाइलवर पासवर्डच मारत होती. शिक्षणसंस्थेचा मेल सकाळपासून उघडत नव्हता. कायम नोकरीला होकार पाचच्या आत त्याच मेलवरून कळवायचा होता. पुढच्या बाकावर संस्थेचा सर्व्हर सांभाळणारे दोघे बसले होते. त्यांच्या बोलण्यात तिचं नाव आलं, तशी तिची बोटं थांबली.

"श्रेयस, रिटायर झालेल्या ज्योत्स्नाबाईंचं मेलचं खातं अजून चालूच हाय की रं."

"काल बंद केलं की, अण्णा."

"स्पेलिंग बघितलंस? बाई कानडी, इंग्रजीत 'त'ला टी-एच लिवत्यात. त्यांच्या नावात टी-एच हाय."

"टी-एच? मी नुसत्या टी-वालीचं बंद केलं."

"आणि ती कोण?"

"कुणास ठाऊक. निपाणीच्या शाखेतली असंल. ओरडत तर आली न्हाय."

"पासवर्ड चुकतोय म्हणून बसली असंल बिचारी. उघडून टाक."

"असं कसं उघडू? तिचा अर्ज पाहिजे. नियम हाय."

"अर्ज कुठं द्यायचा?"

"मेल करायचा की."

"कुठल्या मेलवरनं?"

"संस्थेच्याच. बाहेरचा चालत न्हाय."

श्रेयसनं उगाच खिडकीची काच सरकवली. ज्योत्स्नानं घड्याळ बघितलं, साडेतीन झाले होते. तिनं पुढच्या बाकाची दांडी धरली.

"सर, जरा मागं बघता का? टी-एच नसलेली मीच."