पेत्रितच्या जागेवर बसलेला पाहुणा

जबाब देणार: मायलिंदा स्पाहिया, वय ४४ वर्षे, व्यवसाय भूगोलाची शिक्षिका, राहणार कूकस, बाजारामागची गल्ली.

पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते की, मी दर गुरुवारी दुपारी हुस्नी यांच्या व्हॅनने तळ्याकाठच्या ब्रेगलुमा गावी आईकडे जाते. या व्हॅनला वेळापत्रक नाही. भरली की सुटते.

ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर सानीये दौती बसतात. वय सत्तरच्या आसपास. आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणतो. त्यांच्या शेजारची खिडकीची जागा रिकामी असते आणि तिचं भाडं त्याच देतात. ती त्यांच्या मुलाची, पेत्रितची जागा. नऊ वर्षांपूर्वी याच रस्त्यावरची एक व्हॅन कठडा तोडून तळ्यात गेली. तिघांची प्रेतं मिळाली, पेत्रितचं मिळालं नाही. त्या वळणावर मृतांच्या नावांचा दगड उभारला तेव्हा त्यावर पेत्रितचं नाव घालायला मावशींनी नकार दिला. व्हॅनमध्ये याबद्दल कोणी बोलत नाही. नवा माणूस आला तर हुस्नी "गाडी भरली" एवढंच सांगतो.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या गुरुवारी एक परदेशी तरुण व्हॅनपाशी आला. नाव दुआर्ते, देश पोर्तुगाल, हे त्याने नंतर मला सांगितलं. पाठीवर मोठी बॅग, तिच्यावर बांधलेला तंबू भिजलेला. त्याने मावशींच्या शेजारच्या जागेकडे बोट दाखवलं. हुस्नी मला म्हणाला, "बाई, तुमच्या इंग्रजीत याला काहीतरी सांगा. नाहीतर टपावर बसतो म्हणेल. यांचा काही नेम नाही."

मी त्याला जागा धरलेली आहे असं सांगितलं. त्याने विचारलं, "कोणी?"

मावशींनी मला विचारलं, "काय म्हणतंय ते पोर?"

"इथे कोण बसतं, असं विचारतोय."

मावशींनी जागेवरची आपली शाल उचलली. "बसू दे. भिजलाय."

तो बसला. मागे कोणीतरी "या अल्ला" म्हटलं. मग हुस्नीने गाडी सुरू केली.

वाटेत त्याने मला सांगितलं की सगळे प्रवासी समुद्राकडे जातात, म्हणून तो डोंगराकडे आला. कमीत कमी खर्चात देश पार करायचा, लोकांच्या घरी राहायचं, मिळेल ते खायचं. आपण प्रवासाबद्दल लिहितो ते लोक वाचतात, असंही म्हणाला. मावशींनी त्याला उकडलेली अंडी सोलून दिली. त्याने ती सगळी खाल्ली. "आई खाऊ घालत नाही वाटतं याला," मावशी म्हणाल्या. सगळे हसले. मीही हसले. सगळे एवढे मोठ्याने का बोलतात असं त्याने मला विचारलं तेव्हा मी त्याला हवामानाबद्दल काहीतरी सांगितलं. ती जागा कोणाची, हे सांगितलं नाही. अर्ध्या तासाच्या पाहुण्याला त्रास नको, असं त्या वेळी वाटलं. खरं कारण तेच होतं का, हे मी आज खात्रीने सांगू शकत नाही.

वळणावर मावशी उतरल्या. त्यांच्या घराची पायवाट तिथूनच वर जाते. दुआर्तेने त्यांची पिठाची गोणी उचलली. मावशींनी त्याला वर येण्याची खूण केली. त्याने मला विचारलं, "घरी या म्हणतायत का?" मी हो म्हटलं. "किती द्यावे लागतील?" यावर मी त्याला सांगितलं की पैसे काढूही नकोस, मोठा अपमान होईल. तो खूश झाला. खाली रस्त्यावरून मला हात केला.

या सल्ल्याबद्दल मी पुष्कळ विचार केला आहे. सल्ला चुकीचा नव्हता. पण पैसे दिलेला माणूस सकाळी उठून जातो. ज्याने काही दिलेलं नाही, त्याने जायचं कसं, हे मी त्याला सांगितलं नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या गुरुवारी मावशींनी एकाच माणसाचं भाडं दिलं. हुस्नी म्हणाला, "मावशी, दुसरं विसरलीस."

"विसरले नाही. तो घरी आहे."

त्या दिवशी शेजारच्या जागेवर एक पोस्टमन बसला. तो वाटभर अंग चोरून बसला होता.

त्यानंतर भाऊ बेपत्ता असल्याची दुआर्तेच्या बहिणीची तक्रार आल्याचं आपण मला कळवलं आणि दुभाषी म्हणून शिपाई गझमेंद यांच्याबरोबर काल दौतींच्या घरी पाठवलं. घराच्या दाराला आतून कडी आहे, बाहेरून नाही. पाहुणा दुआर्ते अंगणात लाकडं फोडत होता. अंगात तपकिरी स्वेटर, बाह्या आखूड पडलेल्या. गझमेंद यांनी नाव विचारलं तेव्हा त्याने उत्तर देण्याआधी मावशींकडे पाहिलं.

मी त्याला विचारलं की तुला कोणी अडवलं आहे का. तो म्हणाला, "नाही. मी रोज बॅग भरतो. त्या मला भाकरी बांधून देतात. खाली रस्त्यापर्यंत सोडायला येतात. मग कठड्यापाशी जाऊन पाण्याकडे तोंड करून उभ्या राहतात. गाड्या येतात, मी हात करत नाही. त्यांना तिथे एकटं सोडून निघता येत नाही. मग आम्ही परत वर येतो." मग त्याने मला विचारलं, "तिथे काय झालं होतं?"

मी सांगितलं. सगळं, त्या जागेसकट.

"तुम्हाला त्या दिवशीच माहीत होतं?"

मी हो म्हटलं. तो आत गेला.

मावशींनी मला विचारलं, "काय सांगितलंस गं त्याला?"

"पेत्रितचं."

"मी काय वेडी आहे, असं वाटलं तुला? माझा मुलगा कुठे आहे ते मला ठाऊक आहे. या पोराला ठाऊक नव्हतं, तोवर घरात कोणीतरी होतं."

पाहुणा बॅग घेऊन बाहेर आला. स्वेटर काढू लागला. मावशींनी त्याचा हात धरून थांबवलं आणि बॅगेत भाकरी ठेवली. या वेळी त्या रस्त्यापर्यंत आल्या नाहीत. आम्ही जीपमध्ये बसेपर्यंत वरून लाकडं फोडण्याचा आवाज येत होता. मावशींचे गुडघे दुखतात, त्यांना ते काम जमत नाही.

ठाण्याच्या साहेबांनी आज मला सुचवलं की म्हातारीचं डोकं ठिकाणावर नाही एवढं मी म्हटलं तर तिच्यावर गुन्हा लागणार नाही आणि प्रकरण मिटेल. मला तसं म्हणता येत नाही. त्या पूर्ण शुद्धीत आहेत. त्यांनी त्याला अडवलं नाही. तो जाऊ शकत होता. त्याला जाता येत नव्हतं, हेही खरं आहे. हे दोन्ही एकत्र कुठल्या कलमात बसत असेल तर मला माहीत नाही. यात दोष असेल तर मावशींच्या आधी माझा लिहावा.

हा जबाब लिहून झाल्यावर मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. त्यात दुआर्तेचा उल्लेख दोन ठिकाणी "डांबून ठेवलेला इसम" असा होता. तो माझा शब्द नव्हता. मी तो खोडायला लावून "पाहुणा" असं लिहून घेतलं आहे आणि दोन्ही ठिकाणी सही केली आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे.

मायलिंदा स्पाहिया