भिंतीवरचं रसायनशास्त्र

अभ्यास कसा करायचा, हे मला विचारा गो. माझी पद्धत उत्तम होती.

नव्याण्णव साली मी बारावीला, आम्ही पालीला राहायचो. कॉलेजातल्या बाईंनी सांगितलं होतं, धडा नुसता वाचू नका. पुस्तक मिटून आठवेल ते लिहा आणि जे चुकेल तेवढंच पुन्हा वाचा. मी ते चुकलेलं कागदांवर लिहून माजघराच्या भिंतीला चिकटवायचे. जाता-येता बघायचं, डोळे मिटून म्हणायचं. ज्या रसायनशास्त्राला मी घाबरायचे, तेसुद्धा जमायला लागलं होतं.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात घरी आले, तर बाबा त्या भिंतीला चुना लावत होते.

"माझे कागद?"

"आईने चुलीत घातले. रविवारी तुला बघायला येतायत. मुलगा मुंबईला असतो."

"बाबा, माझी परीक्षा आहे!"

"परीक्षा दरवर्षी येते. असं स्थळ येत नाही."

आई मान खाली घालून पोहे निवडत राहिली. मी पुस्तक उघडलं. त्यात सगळंच होतं. त्यातलं मला काय येत नाही, तेच आता कळेना.

पाहुणे आले, पोहे खाऊन "कळवतो" म्हणून गेले. पुढे निकाल लागला आणि मी रसायनशास्त्रात नापास झाले. त्याच आठवड्यात त्यांचा निरोप आला. बाबांनी तो ओटीवर उभ्यानेच ऐकला आणि आत येऊन माझ्याकडे न बघता म्हणाले,

"मुलगी पसंत होती म्हणे. पण त्यांना निदान बारावी पास हवी होती."