अप्पांनी भरलेली चावी

एक विचारू का, मंडळी? सोपा प्रश्न आहे. एखादी वस्तू जपायची म्हणजे काय करायचं — वापरायची, की वापरायचीच नाही?

त्या मागच्या ताई हसल्या! ताईंच्या कपाटात लग्नातला शालू आहे, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेला. ओळखलं ना? असू दे, असू दे. आज शालूची गोष्ट नाही. आज फोनोची!

फोनो! कर्णा, तबकडी, सुई! म्हाताऱ्यांनी ऐकलाय, तरण्यांनी हॉटेलात शोभेला ठेवलेला पाहिलाय.

तर — साताऱ्यात एक मोरेश्वरराव कारखानीस. शाळेत चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त. नाद एकच, जुने फोनो! सव्वीस जमवले. काचेचं कपाट, कपाटाला कुलूप, आणि किल्ली कुठे? जानव्याला! बायको कुमुदवहिनी. त्यांना धूळ पुसायची परवानगी होती — काचेची. बाहेरून!

कपाटात जागा सत्तावीस. एक रिकामी. ती जागा मोरेश्वररावांना दात पडल्यासारखी खुपायची.

आणि वाईहून निरोप आला. अप्पा मेढेकर आणि मथूआजी, दोघं म्हातारी, मुलाकडे पुण्याला निघालेली. फोनो दोन. मुलाच्या घरी जागा एकाची. दुसरा जपणाऱ्याच्या घरी जाऊ दे, म्हणाले.

कारखानीस पहिल्या एसटीनं वाईत!

टेबलावर दोन पेट्या. एक विजेवरची. बटण दाबा — फिरली! हात दुखायला नकोत, घाम नको. दुसरी चावीची. शिसवी पेटी, पितळी कर्णा, बाजूला हँडल. हँडल फिरवून आतल्या स्प्रिंगला चावी भरायची, ब्रेक काढला की तबकडी फिरते. मोरेश्वररावांनी पाहिलं आणि जीव तिथेच अडकला. चावीचे होते, पण असा शिसवी एकही नव्हता त्यांच्याकडे!

अप्पा खुर्चीत बसलेले. उजवा हात मांडीवर, ठेवल्यासारखा.

"चावीचा न्या," अप्पा म्हणाले. जीभ जड, पण शब्द ठाम. "मला एका हातानं चावी भरता येत नाही. विजेवरचा राहू दे. डावा अंगठा पुरतो."

"मुळीच नाही!" आजी आतून आली. "चावीचा कुठेही जाणार नाही. विजेवरचा न्या."

आता आली पंचाईत! घरात दोन माणसं आणि मतं दोन. — तुमच्याकडे असं होत नाही, मला ठाऊक आहे!

का, आजी? चावीच्यात असं काय आहे?

चार वर्षांपूर्वीची सकाळ. अप्पांनी तबकडी लावली, चावी गच्च भरली, सुई ठेवायला हात उचलला — आणि हात खाली आला तो उठलाच नाही. अर्धांगवायू. गाणं राहिलं. ब्रेक तसाच.

"त्या हाताची शेवटची ताकद आहे आत," आजी म्हणाली. "मी ब्रेक काढू दिला नाही. मुलाला नाही, सुनेला नाही."

"मलाही नाही!" अप्पा म्हणाले. "हात माझा, चावी माझी, हुकूम हिचा!"

"तुम्ही गप्प बसा."

"चार वर्षं गप्पच आहे. जीभ अर्धी राहिली म्हणून तू वाचलीस!"

आजी हसली नाही. अप्पांच्या डाव्या अंगठ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "बरं. यांची सोय आधी. न्या चावीचा. पण त्या देव्हाऱ्यासमोर शब्द द्या — ब्रेक कधी काढणार नाही."

हो म्हणायचं! एक अक्षर! फोनो आपला!

पण कारखानीसांना एक माहीत होतं. ताणलेली स्प्रिंग ताकद राखत नाही, बसल्या बसल्या घालवते. म्हणून गाणं संपलं की उरलेली चावी रोज उतरवून ठेवायची, हा त्यांचा नेम. हा फोनो घरी नेला की पहिलं काम तेच! मग शब्द कसला देताय, मोरेश्वरराव?

पण कळणार कुणाला? मंडळी, तुम्ही काय केलं असतं? — हे गणूकाका पखवाजावर मान हलवतायत. कुठल्या बाजूनं हलवतायत ते कळेना!

"हो" ओठापर्यंत आलं. तेवढ्यात त्यांची नजर हँडलवर गेली. पेटी आरशासारखी पुसलेली, कर्णा पुसलेला. हँडलच्या लाकडी मुठीवर तेवढी धूळ. चार वर्षांची! आजीनं रोज सगळं पुसलं होतं, अप्पांचा हात जिथे लागला होता तेवढं सोडून.

कारखानीसांनी "हो" गिळलं.

"आजी, शब्द देता येत नाही मला. स्प्रिंग असं धरून ठेवत नाही. रोज थोडी सैल पडते. चार वर्षांपूर्वीची ताकद आज निम्मीसुद्धा नसेल. आणखी काही वर्षांनी काहीच नसेल."

आजी खाली बसली. "म्हणजे मी राखत होते ते..."

"निसटत होतं."

मग अप्पा म्हणाले, "मथू, काढ ब्रेक. उरलंय तेवढं तरी ऐकू."

आजीनं सुई ठेवली. ब्रेक काढला. खर्र, खर्र — आणि आवाज आला! "उघड रे हरी, दार आता..." बाईचा गोड आवाज! अप्पांनी डोळे मिटले. एक कडवं झालं, दुसरं लागलं, आणि —

"उऽघऽऽड... रेऽऽऽ... हऽऽऽ..."

बाईचा बुवा झाला! बुवाचा रेडा झाला! चावी संपत आली. सवयीनं कारखानीसांचा हात हँडलकडे गेला —

आजीचा आधी पोचला!

"अगं, अगं! तोडशील!" अप्पा ओरडले. बावन्न वर्षांच्या संसारात त्यांनी तिला हँडलला हात लावू दिला नव्हता. म्हणे, बायकांना अंदाज येत नाही!

"तुटलं तर तुटलं! पुढे फिरवू की मागे, ते सांगा!"

"...पुढे. सावकाश. हिसका नको. जड लागलं की थांब."

रेड्याची पुन्हा बाई झाली! गाणं शेवटपर्यंत गेलं. निम्मं अप्पांच्या हातानं, निम्मं आजीच्या. कुठे एकाची ताकद संपली आणि दुसऱ्याची लागली, कोण सांगणार?

आजीच्या तळव्याला धूळ लागली होती. तिनं ती पदराला पुसली नाही.

"कारखानीस, विजेवरचा न्या तुम्ही," अप्पा म्हणाले. "बटण बिनचूक आहे हो. पण बटणाला 'सावकाश' म्हणता येत नाही."

तर विजेवरचा साताऱ्याला आला. सत्ताविसाव्या जागी बसला. मोरेश्वररावांनी बटण दाबलं. सुरेख वाजला! कुमुदवहिनी दारातून म्हणाल्या, "हे बरं झालं. मध्ये कुणी लागत नाही."

मोरेश्वररावांनी जानव्याची किल्ली सोडली. कपाट उघडलं. सव्विसातला सगळ्यात जुना फोनो टेबलावर ठेवला आणि हँडल वहिनींच्या बाजूला केलं.

"मी?" वहिनी मागे सरल्या. "आणि तुटलं तर?"

"दुरुस्त करता येतं मला. ये. सावकाश फिरव."

मंडळी, हसलात, बरं वाटलं. आता तुमच्याकडे येतो! तुमच्या आत कुणीतरी चावी भरून गेलंय. आईनं भरली, बापानं भरली, शाळेतल्या एखाद्या बाईंनी भरली. भरणारा हात आता राहिला नसेल. आणि तुम्ही काय करताय? ब्रेक लावून बसलाय! रोज पुसताय, नमस्कार करताय, सांगताय — आमच्याकडे आहे हो! अरे, आत काय उरलंय ते तरी बघा!

आज घरी जा आणि ब्रेक काढा. गाणं मध्येच जड झालं तर लाजू नका. ज्याला आजवर हँडलला हात लावू दिला नाही, त्यालाच हाक मारा.

मागच्या ताई! उद्या शालू नेसून यायचं. मी वाट बघणार!

गणूकाका, धरा ठेका. आणि मंडळी, देवाचं नाव घ्या — खुल्या गळ्यानं घ्या. एकाचा आवाज बसला तर शेजारच्यानं उचला!