वरचा एक

...आणि वर मलाच विचारतात, आबा, तुम्ही हात कशाला लावलात? अहो, मी फक्त एक वाढवला! शुभकार्यात शून्यावर संपणारा आकडा कुणी देतं का, तुम्हीच सांगा. आहेरात नुसते पाचशे घालतो का आपण? वर एक ठेवतोच की.

तुम्हाला सांगतो, नात माझी, वैष्णवी, बेलापूरला कॉम्प्युटरवर कामाला. आमच्या मंडळाची लग्नं जुळवायची वेबसाइट तिनंच केली, पीएचपी का काय म्हणतात त्यात, आणि सगळ्यांची स्थळं घालून झाल्यावर शेवटी स्वतःचं घातलं. मला म्हणाली, आबा, माझ्या पानाची लिंक कराडच्या कृष्णातरावांना पाठवा. त्यांच्या रणजीतचा फोटो बघून गालात हसली होती, मी पाहिलं ना... तर लिंकच्या शेपटीला बघतो काय, आयडी बरोबर पाचशे. एक सोडून दोन शून्यं! पोरीच्या नशिबाला शून्य लावून कसं पाठवू? बोट दाबून धरलं, शेवटचं शून्य खोडलं, एक घातला. फक्त एक वाढवला.

आता साइटवर स्थळं होती पाचशेच. पाचशे एक नंबरचं माणूसच नाही, मग पानानं गप्प बसावं की नाही? नाही बसलं. जे मागितलं ते सापडेना म्हणून पहिल्या नंबरचं स्थळ उघडून दाखवलं. पहिल्या नंबरला कोण? आमचे करंजाड्याचे गोटीराम, विधुर, वय अठ्ठावन्न, आवड भजन आणि कबड्डी!

कृष्णातरावांचा फोन. एकदम हळू आवाजात, "आबा, फोटो पाहिला. मिशा झकास आहेत. पण आमचा रणजीत नको म्हणतोय."

मला वाटलं, पोरगी आता रडणार. तर म्हणते, "आबा, चूक माझी. आलेला आकडा खरा आहे का, ते आधी तपासायला हवं होतं. नसेल तर सरळ नाही म्हणायचं." बसली दुरुस्त करायला. मग पाचशे एक घालून दाखवला, पान म्हणालं, हे स्थळ सापडलं नाही. आकडाच काढून टाकला, पान म्हणालं, नंबर द्या. आकड्याच्या जागी माझं नाव टाकलं, तरी ते गोंधळलं नाही. मी गोंधळलो. म्हणजे नसलेल्याला नाही म्हणायचं, हेसुद्धा शिकवावं लागतं?

खरी लिंक गेली, रणजीतचा होकार आला. मी पेढ्यांना निघालो, चपलेत पाय घालतोय, तर पुन्हा कृष्णातराव. त्यांच्या घरी त्यांची विधवा बहीण असते, यशोदाबाई. तिनं ते चुकीचं पान बघितलं होतं म्हणे... आणि तिला मिशा आवडल्या! मग गोटीरामांचं आणि तिचं आधी उरकायचं ठरलं, आणि एका घरात सहा महिन्यांत दोन कार्यं आमच्यात करत नाहीत. म्हणजे थांबलं कोण? आमची वैष्णवी. आणि मी काय केलं होतं हो? फक्त एक वाढवला...

परवा त्या लग्नाला जाऊन आलो. वैष्णवीनं आहेराचं पाकीट माझ्यापुढं धरलं आणि डोळे बारीक करून बघत राहिली. पाचशे घातले. वरचा एक खिशातच ठेवला.